निरंजनेच्या काठी जेवणाचा विचार

बुद्धगयेला जाणारे आपले बहुतेक लोक महाबोधी विहार पाहतात, बोधिवृक्षाखाली बसून त्रिसरण-पंचशील घेतात, ऐंशी फुटी बुद्धमूर्तीसमोर फोटो काढतात आणि सारनाथची वाट धरतात. नदीपलीकडे फार थोडे जण जातात. वास्तविक बोधिवृक्षाखालची ती रात्र ज्या घटनेमुळे शक्य झाली, ती घटना या नदीच्या परिसरात घडली. ती घटना म्हणजे एक साधे जेवण. सहा वर्षे शरीर उपाशी जाळल्यानंतर सिद्धार्थ गौतमाने आता जेवायचे असे ठरवले, ते इथे.

गेल्या डिसेंबरात आम्ही बुद्धगयेला गेलो तेव्हा दोन दिवस मुद्दाम नदीपलीकडच्या जागांसाठी राखून ठेवले. त्याला कारणही तसेच होते.

चौदा जण आणि एक प्रश्न

कल्याणहून आम्ही चौदा जण निघालो. रेल्वेतून निवृत्त झालेले एक दादा व त्यांच्या पत्नी, महापालिकेच्या सफाई खात्यातले दोघे, एक अंगणवाडी सेविका, घरकाम करणाऱ्या दोन ताई, रिक्षा चालवणारे एक बंधू, त्यांच्या पत्नी आणि मुलगा, परभणीकडच्या एक आजी, आम्ही उभयता आणि आमची पुतणी.

पुतणीचे वय चोवीस. ठाण्यात एका दुकानात कामाला आहे. लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा पाहायला आलेल्या एका घरातून निरोप आला की मुलगी अंगाने जरा जास्तच आहे. तो निरोप तिच्या मनाला लागला. तिने एका जिममधून छापील तक्ता आणला. सकाळी गरम पाणी, दुपारी काकडी आणि दोन अंड्यांचा पांढरा भाग, रात्री पातळ सूप. भाकरी बंद, भात बंद, शेंगदाणे बंद. आठ महिन्यांत वजन चौदा किलोंनी उतरले. नातेवाईक कौतुक करू लागले. इकडे केस गळू लागले, पाळी चुकू लागली आणि एक दिवस लोकलच्या फलाटावर ती चक्कर येऊन पडली. सरकारी दवाखान्यात रक्त तपासले तर हिमोग्लोबिन आठ. डॉक्टरबाईंनी तो तक्ता वाचला, घडी करून परत दिला आणि म्हणाल्या, "हे बंद कर. घरचे रोजचे जेवण जेव."

सांगायला सोपे होते. पुतणीने डायट सोडले खरे, पण चार महिने झाले तरी ताटावर बसली की तिचा हात थांबे. "काकू, आता मी खाऊ तरी काय?" असे ती विचारी. हा लाडाचा प्रश्न नव्हता. काय चांगले, काय वाईट, किती झाले म्हणजे पुरे, हे सगळे आठ महिने कागदाने ठरवले होते. कागद गेल्यावर ठरवणारे कोणीच उरले नव्हते. कधी दोन घास खाऊन उठायची. कधी रात्री सगळे निजल्यावर डब्यातल्या चपात्या उभ्याउभ्या खायची आणि सकाळी रडायची.

वाचकहो, ही एका घरापुरती गोष्ट नाही. आज वस्त्यावस्त्यांत मोबाइलवर असले तक्ते फिरतात. ज्यांच्या आजीआजोबांनी अर्धपोटी दिवस काढले, त्यांच्या नाती डबा भरलेला असताना उपाशी राहतात. म्हणून या प्रवासाची हकीकत कुटुंबाच्या पानावर देत आहोत.

गाडीतला डबा

अलाहाबाद मार्गाने जाणारी हावडा मेल रात्री कल्याणला मिळाली. दुसऱ्या दिवशी भुसावळ, खांडवा कधीच मागे पडले होते. दुपारी सगळ्यांनी डबे उघडले. ज्वारीच्या भाकरी, दशम्या, लसणाची चटणी, सुकटीची चटणी, उकडलेली अंडी, शेंगदाण्याचे लाडू. सुकटीचा वास सुटताच समोरच्या बाकावरच्या एका गृहस्थांनी रुमाल नाकाला लावून खिडकीकडे तोंड फिरवले. आजींनी त्यांच्याकडे एकदा पाहिले आणि शांतपणे आणखी एक भाकरी मोडली.

पुतणीने अंडे घेतले, पिवळे काढून ठेवले. आजींनी ते उचलून स्वतःच्या भाकरीवर ठेवले आणि १९७२ चा दुष्काळ सांगू लागल्या. खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळायची. रेशनला परदेशातून आलेला लाल मिलो मिळायचा, त्याची भाकरी घशाखाली उतरत नसे. "तवा आमाला येकच इचार, पोटाला मिळंल का नाही. काय खावं, काय नाही, हा इचार करायला आमाला कुणी येळच दिला नाही. तुला मिळालाय तर तू कागदाला इचारतीस. पोटाला इचार की, बाई."

पुतणी म्हणाली, "आजी, पोट काही बोलतच नाही आता."

यावर आजींकडे उत्तर नव्हते. आमच्याकडेही नव्हते. जबलपूर, कटनी, सतना गेले. डेहरीजवळचा सोन नदीचा लांबलचक पूल अंधारात ओलांडला आणि भल्या पहाटे कुडकुडत गयेला उतरलो.

डुंगेश्वरीची गुहा

बुद्धगया म्हणजे जुनी उरुवेला. तिथून साधारण बारा किलोमीटरवर डुंगेश्वरीची टेकडी आहे. हिलाच प्राग्बोधी असेही म्हणतात, म्हणजे बोधीच्या आधीची जागा. सिद्धार्थाने देहदंडनाचा काही काळ इथे काढला अशी परंपरा आहे. पायथ्याशी वाहन थांबते, पुढे चढण. आजींना धरून धरून वर नेले.

गुहा लहान आहे. वाकून आत जावे लागते. दिव्यांच्या उबेने आत डिसेंबरातही घाम येतो. समोर सोनेरी रंगाची मूर्ती आहे, पण विहारात आपण पाहतो तशी ती नाही. बरगड्या मोजता येतात. पोट पाठीला लागले आहे. डोळे खोल गेले आहेत. अशीच एक प्राचीन गांधार मूर्ती लाहोरच्या संग्रहालयात आहे, तिचे चित्र अनेकांनी पाहिले असेल.

मज्झिम निकायातल्या महासच्चक सुत्तात भगवंतांनी स्वतः या दिवसांची हकीकत सांगितली आहे. मूग, कुळीथ, हरभरा यांचे ओंजळभर पाणी घेऊन ते दिवस काढीत. पोटाला हात लावला तर पाठीचा कणा हाताला लागे. अंगावरून हात फिरवला तर केस मुळासकट गळून पडत. उठायला गेले की तोल जाऊन पडत. आम्ही हे गुहेबाहेर बसून वाचले तेव्हा पुतणीने आपल्या वेणीला हात लावला. कोणी काही बोलले नाही.

उपाशी शरीराचे काय होते, हे पुढे शास्त्रानेही तपासले. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने छत्तीस निरोगी तरुणांवर प्रयोग केला. युद्धात लढायला नकार देणारे हे तरुण स्वतःहून तयार झाले होते. सुमारे सहा महिने त्यांना नेहमीच्या जवळपास निम्मे अन्न दिले. त्यांचे वजन साधारण चौथ्या हिश्श्याने उतरले. त्यांना सतत थंडी वाजे, चिडचिड होई, कशात मन लागत नसे. दिवसभर बोलणे फक्त खाण्याचे. काही जण पाककृतींची पुस्तके वाचत बसत. आणि महत्त्वाची गोष्ट अशी की अन्न पुन्हा सुरू झाल्यावरही अनेकांची भूक कित्येक आठवडे शमेना. पोट तुडुंब भरले तरी मन भरत नसे.

अंगणवाडीच्या ताईंनी हे पुतणीला समजावून सांगितले. रात्री उठून चपात्या खाणे हा तिचा हावरेपणा नव्हता. दुष्काळ पाहिलेले शरीर पुढच्या दुष्काळाची बेगमी करीत होते. चार महिने ज्या गोष्टीची ती लाज वाटून घेत होती, तिला कारण होते हे ऐकून ती बराच वेळ खाली मैदानाकडे पाहत बसली.

नदी ओलांडली

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बकरौरला निघालो. नदीचे पालीतले नाव नेरंजरा, आपण निरंजना म्हणतो. इथले लोक लीलाजन म्हणतात. थोडी खाली गेली की ती मोहाना नदीला मिळते आणि मग तिला फल्गू हे नाव पडते. हिवाळ्यात पात्रात पाणी थोडे आणि वाळू फार. आता पूल आहे, पण आम्ही थोडे अंतर वाळूतून चाललो. रिक्षावाल्या बंधूंचा मुलगा चपला हातात घेऊन पुढे पळाला.

पलीकडे बकरौर गावात विटांचा मोठा स्तूप उभा आहे. उंची अकरा मीटरच्या आसपास. पुरातत्त्व खात्याने १९७३-७४ मध्ये आणि पुन्हा २००१ ते २००६ या काळात इथे खोदकाम केले. पाल राजा देवपाल याच्या काळातला लेख सापडला, त्यात सुजातेच्या घराचा उल्लेख आहे. म्हणजे अकराशे-बाराशे वर्षांपूर्वीही लोक या जागेला एका बाईच्या घराची जागा म्हणून ओळखत होते. राजवाडे मातीला मिळाले, पण जेवण देणाऱ्या बाईचे घर लोकांनी विटांनी बांधून लक्षात ठेवले.

इथे बसून आम्ही बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातला तो भाग काढला. हा ग्रंथ बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. सेनानी नावाच्या गृहस्थाची मुलगी सुजाता. तिने नवस केलेला, मुलगा झाला म्हणून ती वडाच्या झाडाला नैवेद्य द्यायला येते. झाडाखाली बसलेल्या गौतमाला पाहून तिच्या दासीला, पुण्णेला, देवच बसल्यासारखे वाटते. सुजाता आपल्या हाताने त्याला अन्न देते. तो नदीत स्नान करतो आणि जेवतो. कथा आपल्याला पाठ आहे. पण त्या आधीचा विचार आपण घाईने वाचून पुढे जातो. गौतमाने स्वतःलाच प्रश्न विचारला की शरीर थकून गेले, भुकेने व्याकूळ झाले, तर मन स्थिर कसे राहणार आणि प्रश्नाचे उत्तर कसे सापडणार? शरीराच्या गरजा भागल्या तरच चित्त शांत राहते, या निष्कर्षाला तो आला. निर्णय आधी झाला, खीर मागाहून आली.

त्याच ग्रंथात आणखी एक तपशील आहे. पुढे ध्यानाला बसण्यापूर्वी गौतमाने चाळीस दिवस पुरेल इतके अन्न जमवून ठेवले, असे बाबासाहेब लिहितात. रेल्वेच्या दादांनी हे वाक्य दोनदा वाचायला लावले. म्हणाले, "म्हणजे जगातले सर्वांत मोठे काम करायच्या आधी त्यांनी शिध्याची सोय केली. आणि आपण परीक्षेला, ड्युटीला पोरींना उपाशी पाठवतो."

मज्झिम निकायात सुजातेचे नाव येत नाही, तिची कथा नंतरच्या ग्रंथांत येते. सुत्तात भगवंत फक्त एवढेच सांगतात की त्यांनी भात आणि शिजवलेले भरड धान्य खायला सुरुवात केली. म्हणजे आसपासची माणसे रोज जे खात होती तेच. त्यासाठी कुठून खास औषधी अन्न आणले नाही.

पाच सोबती

गौतम जेवला आणि त्याचे पाच सोबती त्याला सोडून गेले. कौंडिण्य, वप्प, भद्दिय, महानाम, अस्सजी. याने तप सोडले, हा चैनीला लागला, असे त्यांना वाटले. आम्हाला वाटते, डायट सोडणाऱ्या प्रत्येक माणसाला हे पाच जण भेटतात. "अगं, सोडलंस होय? किती छान बारीक झाली होतीस." "परत भात सुरू?" "एवढं कमावलेलं घालवलंस." पुतणीला असे म्हणणारे पाचांहून जास्तच होते, आणि त्यातले निम्मे घरचे.

गौतमाने त्यांच्या मागे धावून खुलासा केला नाही. जेवला, बळ आले, आपल्या कामाला लागला. पुढे सारनाथला त्याच पाच जणांना त्याने पहिला उपदेश केला. चैनीचे टोक नको, देहाला छळण्याचे टोकही नको, मधला मार्ग धरा. हा मधला मार्ग त्याला पुस्तकात सापडला नव्हता. तो त्याच्या स्वतःच्या बरगड्यांनी शिकवलेला होता.

सत्तू आणि चाकवत

स्तूपाच्या मागे थोडे चालले की शेते लागतात आणि कडेला भुईया समाजाची वस्ती. गया जिल्ह्यात या समाजाची संख्या मोठी आहे. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबणारे हे लोक. डोंगर फोडून रस्ता करणारे दशरथ मांझी याच जिल्ह्यातल्या गेहलौर गावचे. एका घरासमोर एक बाई चुलीवर भात शिजवत होती. आमच्या ताईंनी "जय भीम" म्हटले. तिला ते नवीन नव्हते. हसून तिने खाट पुढे केली.

तिच्याकडे भात होता, चाकवताची पालेभाजी होती, भाजलेल्या बटाट्याचा चोखा होता, त्यावर कच्चे मोहरीचे तेल. आमच्यासाठी तिने सत्तू कालवले. भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ, पाणी, मीठ, चिरलेला कांदा, हिरवी मिरची, लिंबू. बिहारचा कामकरी माणूस सकाळी हे पिऊन शेतावर जातो. पुतणीने तिला हिंदीत विचारले, "रोज काय करायचे ते तुम्ही कसे ठरवता?" बाईला प्रश्नच कळेना. मग म्हणाली, "घरात जे असेल ते. आणि पोराने मागितले तर ते." रेशनचे माणशी पाच किलो धान्य महिनाअखेरीस कमी पडते, तेव्हा ठरवण्यासारखे काही उरत नाही, हेही तिने सांगितले.

तिच्या गरिबीचे गोडवे आम्हाला गायचे नाहीत. तिला डाळ हवी आहे, दूध हवे आहे, अंडी हवी आहेत आणि ती मिळत नाहीत. तिची भूक मजुरीने लादली आहे. आमच्या पुतणीची भूक पाहायला आलेल्या माणसांच्या नजरेने लादली होती. दोन्हीकडे बाईच्या ताटावर दुसऱ्याचीच सत्ता.

पुतणीने सत्तूचा पेला अर्धा प्यायला. थोडी थांबली. मग उरलेला प्यायली आणि पेला खाली ठेवत म्हणाली, "काकू, पोट भरलं." कोणाला न विचारता हे ती कित्येक महिन्यांनी म्हणत होती. आजी म्हणाल्या, "बोललं का न्हाई पोट?"

भन्तेजींचे उत्तर

संध्याकाळी महाबोधी विहाराच्या आवारात नागपूरकडचे एक भन्तेजी भेटले. अंगणवाडीच्या ताईंनी त्यांना सरळ विचारले, "भन्ते, आपण मध्यान्हानंतर जेवत नाही. पौर्णिमेला आम्ही अष्टशील घेतो तेव्हा आम्हीही जेवत नाही. मग हेही डायटच झाले ना?"

भन्तेजी हसले. म्हणाले, भिक्खू अन्न घेताना मनात आणतो की हे खेळासाठी नाही, ताकद मिरवण्यासाठी नाही, नटण्यासाठी किंवा रूप खुलवण्यासाठी नाही. शरीर टिकावे, भुकेची वेदना शमावी आणि सदाचरणाचे जीवन जगता यावे, एवढ्यासाठी. "रूपासाठी खायचे नाही असे ठरले, तर रूपासाठी उपाशी राहायचे हेही त्यातच बाद झाले. अष्टशील एका दिवसाचे असते, दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आनंदाने जेवता. त्यात शरीराचा राग नसतो. आजारी माणसाने, गरोदर बाईने तर ते सुद्धा झेपेल तसेच करावे."

मग त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक आळवी गावच्या गरीब शेतकऱ्याची. त्याचा बैल हरवला, तो शोधून आणीपर्यंत ऊन चढले, आणि तो उपाशीच धम्म ऐकायला आला. भगवंतांनी आधी त्याला जेवायला वाढायला लावले, तो शांत झाल्यावर मगच उपदेश केला. भूक हाच सर्वांत मोठा रोग, ही शिकवण त्या प्रसंगाची. दुसरी गोष्ट कोसलच्या पसेनदी राजाची. तो इतका जेवे की धापा टाकत येई. भगवंतांनी त्याला काही बंद करायला सांगितले नाही. खाताना भान ठेव, माप ओळख, एवढेच सांगितले. राजाने एका तरुणाला जेवणाच्या वेळी ते बोल म्हणून दाखवायला ठेवले आणि हळूहळू त्याचे जेवण आपोआप बेताचे झाले.

उपाशी शेतकऱ्याला वाढले आणि अतिखाऊ राजाला भान दिले. दोघांना एकच तक्ता दिला नाही.

ठरवण्याचा हक्क

परतीच्या गाडीत या सगळ्यावर पुष्कळ बोलणे झाले. सफाई खात्यातले एक दादा म्हणाले, काय खायचे हे ठरवणे आपल्या समाजाला नवे नाही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले की मेलेल्या जनावराचे मांस सोडा, शिळ्यापाक्या तुकड्यांवर जगणे सोडा. गावोगावच्या लोकांनी ते सोडले. खायला दुसरे काही नसताना सोडले. ते सोडणे स्वाभिमानासाठी होते. त्यांनी ताटातला अपमान काढून टाकला, भाकरी ठेवली.

आमच्या मते याच कसोटीवर डायटचा कागद घासून पाहावा. कोणी फेकले म्हणून खायचे नाही, तसेच कोणी हिणवले म्हणून उपाशीही राहायचे नाही. काय सोडायचे आणि काय खायचे हे आपण ठरवायचे, आपल्या शरीराला आणि आपल्या कामाला काय हवे ते पाहून.

आणि आपल्या घरच्या अन्नाची लाज बाळगायची नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळी, अंबाडी, चाकवत, सुकट, बोंबील, अंडी, शेंगदाणे हे अन्न कष्टाच्या शरीराला पुरणारे आहे. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकावर शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली लिहिले. ज्या पदार्थांना कधी पुस्तकात जागा नव्हती ते त्यात सन्मानाने नोंदले गेले. रुमाल नाकाला लावणारे लावोत.

डायट सोडल्यावर प्रत्यक्ष काय करावे, याबद्दल आमच्या अंगणवाडीच्या ताईंनी पुतणीला सांगितले ते सर्वांच्या उपयोगाचे आहे. सुरुवातीला भूक नीट कळत नाही, म्हणून भुकेची वाट पाहू नये. सकाळी, दुपारी, रात्री ठरल्या वेळी बसून जेवावे, मध्ये एकदा काहीतरी खावे. घरात सगळ्यांसाठी शिजले असेल तेच घ्यावे, वेगळे ताट नको. कोणताही पदार्थ पापी ठरवू नये. जे बंद करतो त्याचीच रात्री आठवण येते. अर्धे जेवण झाले की क्षणभर थांबून पोटाला विचारावे. हवे असेल तर पुन्हा घ्यावे, नको असेल तर ठेवावे. एखाद्या दिवशी जास्त खाल्ले तर दुसऱ्या दिवशी उपास करून त्याची फेड करू नये. असे काही आठवडे, काही महिने गेले की भूक आणि तृप्ती दोन्ही पुन्हा ओळखीच्या होतात.

यात एक फरक ध्यानात ठेवावा. साखरेचा आजार, रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार यांत डॉक्टरांनी सांगितलेले पथ्य हे औषधच आहे. ते मोडू नये. आमच्या रेल्वेच्या दादांच्या पत्नींना मधुमेह आहे. गयेचे प्रसिद्ध तिळकूट त्यांनी एक तुकडा चाखले, बाकीचे नातवंडांसाठी बांधून घेतले. ते त्यांनी तब्येत ओळखून ठरवले, कोणाच्या टोमण्याला भिऊन नाही. आणि घरातले कोणी खाल्लेले मुद्दाम ओकून काढत असेल, खायला घाबरत असेल, पाळी थांबली असेल, तर घरगुती उपदेशावर थांबू नये. सरकारी रुग्णालयात दाखवावे. मनाच्या त्रासासाठी टेली-मानस ही सरकारी फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मिळते.

जाणाऱ्यांसाठी

गया स्थानकावरून बुद्धगया पंधरा किलोमीटरच्या आत आहे, रिक्षा सहज मिळतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली, पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे कडाक्याची थंडी असते, स्वेटर व शाल सोबत ठेवा. महाबोधी विहार, ज्याला २००२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, तो पाहायला एक पूर्ण दिवस द्या. डुंगेश्वरीला सकाळी लवकर निघा, चढण असल्याने वृद्धांसाठी काठी व पाणी घ्या. बकरौरला दुपारचा वेळ ठेवा. वस्तीत गेलात तर मुलांच्या हातावर चिल्लर ठेवून फोटो काढू नका. बसा, बोला, आणि दिलेत तर वह्या-पुस्तके द्या.

सोबत डबा न्या. आणि घरात एखादी मुलगी ताटावर बसून हात आखडत असेल, तर तिला जरूर घेऊन जा. आधी ती उपाशी मूर्ती दाखवा, मग नदी ओलांडून सुजातेचा स्तूप दाखवा, आणि दोन्हींच्या मधल्या वाळूत बसून तिच्यासोबत जेवा. तिने किती खाल्ले हे मात्र मोजू नका.